आवडत्या सहकलाकारासाठी थ्रिलर बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची अडचण एकच असते. हिरो कोण याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. एखादा नट मनापासून आवडतो, तो एका थ्रिलरमध्ये दुय्यम भूमिकेत आहे, तर जावं का? माझं उत्तर जवळपास नेहमीच 'जा' असतं. मात्र जाताना काय बघायचं आणि काय अपेक्षा ठेवायची, हे ठाऊक असलं तर बघणं जास्त रंगतं. खाली कुठल्याही चित्रपटाचा शेवट सांगितलेला नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

१. फक्त एका सहकलाकारासाठी थ्रिलर बघायला जाणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का?

अजिबात नाही. उलट थ्रिलर हा असा प्रकार आहे की त्यात सहकलाकारासाठी जाणं सगळ्यात रास्त ठरतं. हिरोचं काम बरंचसं ठरलेलं असतं: तो शोधतो, अडकतो, पळतो, सुटतो. संशय, गुपित आणि भीती या गोष्टी मात्र त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे असतात. शेजारी, हवालदार, डॉक्टर, वकील, घरी येणारा दूरचा नातेवाईक. आपण डोळ्यांत तेल घालून ज्यांच्याकडे बघतो ते सगळे सहकलाकारच.

'अर्धसत्य' (१९८३) आठवा. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन आणि ओम पुरींचा इन्स्पेक्टर वेलणकर. यातला रामा शेट्टी मोजक्याच प्रसंगांत दिसतो, पण तो पडद्यावर नसतानाही वेलणकरच्या डोक्यात बसलेला असतो. ती भूमिका करणारे सदाशिव अमरापूरकर अहमदनगरचे, रंगभूमीवरून आलेले. ना आवाज चढवतात, ना अंगावर धावून जातात. त्यांच्या शांतपणाचीच दहशत वाटते. त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्यांच्यासाठी तो चित्रपट बघायला गेलेल्या माणसाने पैसे वाया घालवले असं कोण म्हणेल?

२. सहकलाकार नेमकं कोणाला म्हणायचं? खलनायक त्यात धरायचा का?

ज्याच्या आयुष्याची गोष्ट चित्रपट सांगत नाही, पण ज्याच्याशिवाय ती गोष्ट पुढे सरकत नाही, तो सहकलाकार. खलनायक बहुतेक वेळा यातच मोडतो. फिल्मफेअरने काही वर्षं नकारात्मक भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार ठेवला होता. १९९२ साली तो सुरू झाला आणि पहिला मान पुन्हा अमरापूरकरांनाच, 'सडक'मधल्या महाराणीसाठी मिळाला. २००७ नंतर हा विभाग बंद झाला. राष्ट्रीय पुरस्कारांत सहायक कलाकारांचे विभाग १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि सहायक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार रोहिणी हट्टंगडींना 'पार्टी'साठी मिळाला.

सीमारेषा मात्र धूसरच असते. 'सत्या' (१९९८) हे नाव ज्या पात्राचं, ते पात्र जे. डी. चक्रवर्तींनी केलं, लोकांच्या तोंडी राहिला तो भिकू म्हात्रे. मनोज बाजपेयींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही सहायक अभिनेता म्हणूनच. तेव्हा पाटी काय लावली आहे यावर फार विसंबू नका. भाव खाऊन कोण गेलं ते बघा.

३. नट आवडतो, पण थ्रिलर मला सोसत नाही. छातीत धडधडतं. काय करू?

थ्रिलर म्हणजे रक्तपात असं समीकरण मनातून काढून टाका. सगळा खेळ बोलण्यात आणि नजरेत असलेले थ्रिलर भरपूर आहेत. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९) एका रात्रीत घडतो, त्यात एकही गाणं नाही आणि ताण आहे तो एका घरातल्या माणसांमधला. इफ्तेखार यांचा पोलीस अधिकारी बघण्यासाठी हा चित्रपट उत्तम. सुरुवात अशा चित्रपटापासून करा, दिवसा बघा आणि सोबतीला कोणीतरी असू द्या. खरोखरच हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवट आधी माहीत करून घेतला तर भीती कमी होते, असं काहीजण सांगतात. सहकलाकारासाठी बघणाऱ्याला त्याने फारसं नुकसानही होत नाही. का, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

४. आम्ही साताऱ्याचे. सयाजी शिंदे आमचे लाडके. त्यांच्यासाठी थ्रिलर बघायचा तर सुरुवात कुठून करू?

'शूल'पासून (१९९९), दुसरा विचार न करता. राम गोपाल वर्मांची निर्मिती, ई. निवास यांचं दिग्दर्शन. बिहारमधल्या मोतिहारीत बदलून आलेला इन्स्पेक्टर समर प्रताप सिंह हे मनोज बाजपेयी, आणि त्याच्यासमोर बच्चू यादव हा आमदार म्हणजे आपले सयाजी शिंदे. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

साताऱ्याच्या माणसाने हा चित्रपट बघताना एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. वेळे कामथीसारख्या गावात वाढलेला, पाटबंधारे खात्यात रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून नोकरी केलेला हा माणूस पडद्यावर बिहारचा आमदार होऊन बसतो आणि कुठेही उपरा वाटत नाही. कसं जमलं असेल? माझं मत असं, की गावातली सत्ता त्यांनी जवळून पाहिलेली असणार. खुर्चीवर बसायची तऱ्हा, समोरच्याला ताटकळत उभं ठेवणं, हसता हसता धमकी देणं हे कुठल्याही प्रांतात सारखंच असतं. बच्चू यादव रागावतो तेव्हा जेवढा भीतिदायक वाटतो, त्याहून जास्त तो लाडात बोलतो तेव्हा वाटतो. बघताना त्याच्या आवाजाकडे कान द्या. वाक्य चढ्या सुरात सुरू होतं आणि शेवटी एकदम खाली येतं, आणि त्या खाली आलेल्या दोन शब्दांतच धोका भरलेला असतो.

याच चित्रपटात नवाजुद्दीन सिद्दीकी आणि राजपाल यादव अगदी किरकोळ भूमिकांत दिसून जातात. पुढे मोठे झालेले सहकलाकार शोधायची हौस असेल तर ही पर्वणीच.

'शूल'नंतर पुढच्याच वर्षीच्या 'भारती' या तमिळ चित्रपटात त्यांनी कवी सुब्रमण्यम भारतींची प्रमुख भूमिका केली. तो थ्रिलर नाही, तरीही बघा. बच्चू यादव आणि भारती हा एकच माणूस आहे हे पटायला वेळ लागतो. मग तेलुगूतला 'पोकिरी' (२००६), ज्यात ते पोलीस आयुक्त आहेत, आणि 'सरकार राज' (२००८). 'झुलवा' या नाटकातलं त्यांचं काम पाहिलेली मंडळी अजूनही त्याबद्दल भरभरून बोलतात. वामन केंद्रे यांनी बसवलेलं हे नाटक ज्या कादंबरीवर बेतलेलं आहे, तिचे लेखक उत्तम बंडू तुपेही सातारा जिल्ह्यातलेच.

५. पोस्टरवर फोटो मोठा, चित्रपटात दोन मिनिटं. असं फसायचं नसेल तर आधी कसं ओळखायचं?

श्रेयनामावली नीट वाचायची सवय लावून घ्या. नावांच्या अगदी शेवटी 'आणि' लिहून एखादं नाव स्वतंत्र दिलं असेल तर ते बहुतेक मानाचं पान असतं. भूमिका लहान पण वजनदार, असा त्याचा अर्थ. 'पाहुणा कलाकार' किंवा 'विशेष उपस्थिती' असं लिहिलं असेल तर एका-दोन प्रसंगांपलीकडे आशा ठेवू नका. ट्रेलरमध्ये तो माणूस एकाच कपड्यांत आणि एकाच खोलीत दिसत असेल, तर एखाद-दुसऱ्या दिवसात त्याचं शूटिंग आटोपलं असण्याची शक्यता मोठी. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांबरोबर दिसत असेल तर काम भरीव आहे.

पण वेळ मोजत बसू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. 'कहानी'मधला (२०१२) बॉब बिस्वास एकूण किती मिनिटं दिसतो? फारच थोडी. चष्मा, सुटलेलं पोट, विमा एजंटाची नोकरी, साहेबाची बोलणी खाणारा साधा माणूस. त्याच्या हातात पिस्तूल येतं तेव्हाही चेहऱ्यावरची नम्रता हलत नाही. शाश्वत चॅटर्जींची ती भूमिका चित्रपट विसरलेल्यांनाही आठवते. या पात्राचं पुढे काय झालं, ते प्रश्न १७ मध्ये.

६. ओळखीचा नट छोट्या भूमिकेत दिसला की तोच खुनी असणार हे लगेच कळतं. मग मजाच जाते. यावर उपाय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. एवढा कसलेला नट केवळ चहाचा कप आणून द्यायला कोण घेईल? म्हणजे याच्याकडे काहीतरी दडलेलं आहे, हा हिशेब प्रेक्षक मनातल्या मनात करतोच. ज्याच्यासाठी आपण तिकीट काढलंय त्याच्याबाबतीत तर पहिल्याच प्रसंगात.

पण दिग्दर्शकही हा हिशेब ओळखून असतात. म्हणूनच कधी नेहमीचा खलनायक मुद्दाम समोर बसवतात, म्हणजे आपण त्याच्याकडे बघत राहावं आणि खरा माणूस बाजूने निसटावा. कधी ज्याच्याकडून आयुष्यभर सज्जन भूमिकाच पाहिल्या, अशा नटाकडे काळं पात्र सोपवतात. तेव्हा 'हा दिसला म्हणजे हाच' हे गणित दर वेळी सुटतंच असं नाही. आणि सुटलं तरी बिघडत नाही, कारण 'कोणी केलं' याचं उत्तर मिळालं तरी 'का' आणि 'कसं' शिल्लकच असतं.

मी सुचवीन तो उपाय वेगळाच आहे. कोडं सोडवायचं सोडा आणि नटाची अडचण समजून घ्या. थ्रिलरमधल्या सहकलाकाराला शेवट माहीत असतो. पात्र खोटं बोलत असेल तर पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खरं वाटलं पाहिजे, आणि शेवट कळल्यावर पुन्हा बघणाऱ्याला तेच वाक्य खोटं असल्याचं दिसलं पाहिजे. एकाच वाक्याने दोन्ही कामं करायची. प्रेक्षकाला हळूच डोळा मारायची परवानगी नाही. जरा जास्त साळसूदपणा दाखवला की शंका येते, जरा जास्त घाम पुसला की गुपित फुटतं. प्रमुख भूमिकेतल्या नटाला चूक सावरायला अख्खा चित्रपट मिळतो; याला मिळतात चार-पाच प्रसंग. हे ध्यानात ठेवून त्याच्याकडे बघायला लागलात, की तो खुनी निघतो की नाही याची फिकीरच उरत नाही.

बघायचं काय, तर तो बोलत नसतो तेव्हा काय करतो. दुसरा कोणी बोलत असताना तो ऐकतोय की आपली पाळी येण्याची वाट बघतोय? हातातली वस्तू कशी धरतो? कसलेला नट आणि पाट्या टाकणारा नट यांतला फरक तिथेच कळतो.

७. आपला माणूस मध्यंतराआधीच मेला. आता पुढे बसायचं की घरी जायचं?

बसा. थ्रिलरमध्ये मेलेला माणूस क्वचितच संपतो. आठवणींतले प्रसंग, जुनी चित्रफीत, दुसऱ्याने सांगितलेली हकिकत अशा वाटांनी तो परत येतो, आणि कित्येकदा दुसऱ्या भागात त्याची भूमिका पहिल्यापेक्षा मोलाची ठरते. परत आलाच नाही, तरी त्याच्या जाण्याने बाकीच्यांचं काय झालं हा त्याच्याच कामाचा उत्तरार्ध असतो.

८. आमच्या आवडत्या नटाला प्रत्येक थ्रिलरमध्ये पोलीसच करतात. तेच तेच काय बघायचं?

पोलीस अधिकाऱ्याच्या साचात अडकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस निरीक्षक केला आणि त्यासाठी त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. तरीही साचा एक असला म्हणून माणूस एक नसतो.

याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात सुंदर दाखला म्हणजे अनुराग कश्यप यांच्या 'अग्ली'मधले (२०१४) गिरीश कुलकर्णी. लहान मुलगी हरवली आहे आणि तिचा बाप मित्राला घेऊन तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात आला आहे. समोर इन्स्पेक्टर जाधव. एकेक क्षण मोलाचा असताना हा माणूस भलत्याच चौकशीत शिरतो. फोन आल्यावर पडद्यावर समोरच्याचा फोटो कसा दिसतो, हे त्याला समजून घ्यायचं असतं. तो ओरडत नाही, मारत नाही. त्याला फक्त घाई नाही. टेबलाच्या पलीकडच्या बापाचा जीव टांगणीला लागलेला आणि अलीकडे हा निवांत. प्रसंग लांबत जातो, आधी हसू येतं, मग हसल्याची लाज वाटते आणि शेवटी राग येतो. सरकारी टेबलासमोर ताटकळत उभा राहिलेला कुठलाही माणूस तो राग ओळखेल. खाकी वर्दी तीच, पण असा पोलीस त्याआधी पडद्यावर पाहिल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा 'पुन्हा पोलीसच' असं म्हणण्याआधी, या वेळचा पोलीस खुर्चीत कसा बसलाय ते तरी बघा.

९. आईला आमचा आवडता नट बघवत नाही. 'मेला किती वाईट आहे' म्हणते. तिला कसं नेऊ?

तिचा राग ही त्या नटाच्या कामाची पावती आहे, हे तिला प्रेमाने सांगा. आपल्या भागात निळू फुल्यांना बघून बायाबापड्या बोटं मोडायच्या. माणूस सज्जन आणि सेवादलाच्या मुशीतला, पण पडद्यावरच्या पाटलाला माफी नव्हती. अशा वेळी त्याच नटाची उलट्या रंगाची भूमिका आधी दाखवावी. निळू फुल्यांच्याच बाबतीत म्हणाल तर 'सिंहासन' (१९७९). अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरची, जब्बार पटेलांनी मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवती रंगवलेली ही राजकीय गोष्ट कुठल्याही थ्रिलरइतकीच धरून ठेवते. त्यात निळूभाऊ दिगू टिपणीस हा पत्रकार आहेत. सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि आतून पोखरत जाणारा. ते पाहिलं, की मग पाटलाच्या भूमिकेतही माणूस दिसायला लागतो.

१०. मुलांना सोबत न्यावं का?

प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नियमांनुसार यू/ए या गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. मूल त्या वयापेक्षा लहान असेल तर निर्णय पालकांनी घ्यायचा. 'ए' असेल तर १८ वर्षांखालच्या कोणालाही प्रवेश नाही, आई-वडील सोबत असले तरी नाही. थ्रिलर बऱ्याचदा याच गटात जातात, म्हणून तिकीट काढण्याआधी बघा. दारात रडारड नको.

११. आमच्याकडे असा चित्रपट आला तर एकच शो, तोही अडनिड्या वेळी. थेट ओटीटीवर बघू का?

जमेल तोवर थिएटरमध्येच बघा, आणि पहिल्या आठवड्यातच. मोठा तारा नसलेला थ्रिलर सातारा-सांगलीसारख्या गावात शुक्रवारी लागतो आणि गर्दी नसेल तर पुढच्या शुक्रवारी दिसतही नाही. 'रविवारी जाऊ, नाहीतर पुढच्या रविवारी' म्हणणाऱ्यांचा हुकतो तो असाच. थांबायचं ठरवलंच तर हिंदी चित्रपट थिएटरनंतर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा तसा आग्रह असतो.

सहकलाकारासाठी बघणाऱ्याला थिएटरचा एक खास फायदा आहे. तो पुष्कळदा चौकटीच्या कडेला, मागे, अर्धवट अंधारात उभा असतो. मोबाइलच्या पडद्यावर तो दिसतच नाही. ओटीटीचा फायदा म्हणजे मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा बघता येतो. घरी बघताना श्रेयनामावली सुरू झाली की पुढचा भाग आपोआप चालू होतो, तेवढं बंद करून ठेवा. नावं वाचायची राहून जातात.

१२. शेवटची एसटी चुकते म्हणून शेवटची पंधरा मिनिटं सोडावी लागतात. काही मार्ग?

तासगाव, कोरेगाव, पलूसकडून येणाऱ्यांची ही खरी अडचण आहे. दुपारचा शो धरा. चित्रपटाची लांबी तिकिटाच्या पानावर दिलेली असते. तीत जाहिराती आणि मध्यंतराचा निदान अर्धा तास मिळवा आणि मग एसटीचं वेळापत्रक बघा. थ्रिलरचा शेवट सोडून उठण्यापेक्षा त्या दिवशी न गेलेलं बरं.

१३. दक्षिणेतला थ्रिलर आहे, आपला मराठी नट त्यात आहे. हिंदी डब बघू की मूळ भाषेत?

मूळ भाषेत, खाली ओळी वाचत. टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी आवृत्त्यांत अनेकदा आवाज दुसऱ्याच कलाकाराचा असतो. चेहरा आपल्या माणसाचा आणि आवाज परक्याचा, म्हणजे अर्धं काम गेलंच. सयाजी शिंद्यांसारख्या नटाच्या बाबतीत तर अर्ध्याहून जास्त (आवाजाबद्दल प्रश्न ४ मध्ये लिहिलं आहे). वाचायचा वेग कमी पडत असेल तर आधी डब बघून गोष्ट समजून घ्या आणि मग त्यांचे प्रसंग मूळ भाषेत बघा.

१४. 'हा पिक्चर आपल्या वाईत झालाय' असं ऐकून बघायला बसलो. पण गाव तर बिहारचं दाखवलंय?

बरोबर आहे. प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'मधलं (२००३) तेजपूर हे बिहारमधलं म्हणून दाखवलं असलं, तरी शूटिंग वाई परिसरात झालं. कृष्णाकाठचे घाट, जुने वाडे, अरुंद रस्ते आणि मुंबईपासून बेताचं अंतर, यामुळे निर्माते इकडे वळतात. 'गंगाजल' सहकलाकारांसाठी बघण्यासारखा आहे. साधू यादव म्हणजे मोहन जोशी, पोलीस उपमहानिरीक्षक वर्मा म्हणजे मोहन आगाशे. मराठी रंगभूमीवरची ही दोन माणसं वाईच्या मातीत उभी राहून बिहारचं राजकारण खेळतात. आणि गर्दीच्या प्रसंगांत तुमच्या ओळखीचा एखादा चेहरा सापडला तर तोही सहकलाकारच समजा. तासन्‌तास उन्हात उभं राहून, सांगितलं तेव्हाच धावणं हेही काम आहे.

१५. मित्राने शेवट सांगून टाकला. आता बघण्यात काय अर्थ?

तुम्ही कोडं सोडवायला निघाला असता तर काही अर्थ नव्हता. तुम्ही एका माणसाचं काम बघायला निघाला आहात. प्रश्न ६ मध्ये म्हटलंय तसं, चांगला सहकलाकार प्रत्येक प्रसंग दोन वेळा बघितला जाईल या तयारीने करतो, आणि तुम्हाला आता थेट दुसरं बघणंच मिळालं आहे. तो कुठे थांबला, कुठे नजर चुकवली, कुठल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी पाणी प्यायला, हे सगळं तुम्हाला पहिल्यांदाच दिसेल.

शेवट माहीत नसलेल्यांनीही आवडलेला थ्रिलर महिन्याभरात पुन्हा बघावा, आणि या खेपेला फक्त त्या एका माणसावर नजर ठेवावी. 'अंधाधुन' (२०१८) असा बघून पाहा. पुण्यात घडणाऱ्या त्या गोष्टीत छाया कदम यांची लॉटरीची तिकिटं विकणारी सखू आहे. तिच्या डोक्यात कुठल्या क्षणी काय शिजतंय ते चेहऱ्यावर वाचत जा.

मात्र दुसऱ्याला शेवट सांगू नका. तुम्हाला चाललं म्हणून त्याला चालेल असं नाही.

१६. नाटकात ज्याला बघून भारावलो, तो थ्रिलरमध्ये फिका वाटला. असं का?

हा प्रश्न सांगलीहून जास्त येतो, आणि ते साहजिकही आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीता स्वयंवर' केलं, जिथे दर ५ नोव्हेंबरला भावे गौरवपदकाचा सोहळा होतो, त्या गावाचा डोळा नाटकाने तयार झालेला आहे. भावे नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला नटाला आवाज आणि अंग दोन्ही मोकळं सोडावं लागतं. थ्रिलरमध्ये कॅमेरा वीतभर अंतरावर असतो आणि तिथे तोच मोकळेपणा गुपित फोडून टाकतो. म्हणून नट हात आखडता घेतो. तुम्हाला जे फिकं वाटलं ते बऱ्याचदा मुद्दाम आवरलेलं असतं. एकदा त्या दृष्टीने बघा. तरीही फिकं वाटलं, तर भूमिका लेखकाने नीट लिहिलेलीच नसेल. तेही पुष्कळदा होतं.

१७. आवडलेल्या सहपात्रावर वेगळा चित्रपट निघाला, पण नट बदलला. बघावा का?

'बॉब बिस्वास'बद्दल विचारताय हे उघड आहे. २०२१ मध्ये त्या नावाचा चित्रपट आला आणि बॉब झाले अभिषेक बच्चन. तुम्ही शाश्वत चॅटर्जींसाठी बघणार असाल तर ते त्यात नाहीत, एवढंच उत्तर पुरेसं आहे. पात्रासाठी बघणार असाल तर बघा. माझ्यापुरतं म्हणाल, तर तो माणूस कोण, कुठला, घरी गेल्यावर काय करतो हे माहीत नसणं हाच 'कहानी'तल्या बॉबचा कणा होता. दोन तास त्याच्या घरात राहून आल्यावर ती भीती उरत नाही.

१८. एकच थ्रिलर दोन-तीन भाषांत आहे. सहकलाकारासाठी कुठला बघू?

शक्य असेल तर दोन्ही, लागोपाठच्या दिवशी. गोष्ट तीच असल्याने लक्ष आपोआप माणसांवर जातं. 'पोकिरी'त सयाजी शिंद्यांनी केलेला पोलीस आयुक्त हिंदीत, 'वाँटेड'मध्ये (२००९), गोविंद नामदेव यांच्याकडे आला. दोघेही रंगभूमीवरचे, पण अधिकाऱ्याचा ताठा दोघांचा वेगळा.

सगळ्यात चांगली जोडी 'दृश्यम'ची. जीतू जोसेफ यांच्या मूळ मल्याळम चित्रपटात (२०१३) सहदेवन हा हवालदार कलाभवन शाजोन यांनी केला. नकला आणि विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा हा नट. ज्याला बघून केरळचे प्रेक्षक हसायचे, त्याच्याच हातून त्या कुटुंबाला मार बसतो तेव्हा तो जास्त लागतो. निशिकांत कामत यांच्या हिंदी आवृत्तीत (२०१५) ती जागा गायतोंडे या अधिकाऱ्याची, आणि नट कमलेश सावंत. हिंदी प्रेक्षकाच्या मनात त्यांची विनोदी ओळख नव्हती, त्यामुळे तो धक्का त्यांना उपलब्धच नव्हता. त्यांनी दुसरी वाट धरली. गायतोंडेचा डूख सुरुवातीपासून उघड आहे. हिरोला बघताच त्याचा जबडा आवळला जातो. चौकशीच्या आधीच त्याने निकाल लावून टाकलेला असतो, आणि नेमका तोच माणूस खऱ्याच्या सगळ्यात जवळ असतो. मल्याळम आधी बघा, हिंदी नंतर, आणि पोलीस ठाण्यातले प्रसंग दोन्हीकडे हिरोकडे न बघता बघा.